पंजात न सापडलेला हत्ती

मी प्रामाणिक आहे हे लोकांना दाखवून द्यायचं, असं मी एका बुधवारी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. नुसताच प्रामाणिक होतो तेव्हा मला कसलाही त्रास नव्हता.

माझं नाण्यांवर चालणाऱ्या खेळांचं दुकान आहे. नाणं टाका, गाडी पळवा. नाणं टाका, बिळातून डोकावणाऱ्या उंदरांच्या टाळक्यात हातोडी घाला. शिवाय काचेची एक मोठी पेटी. तिच्यात कापडी खेळण्यांचा ढीग आणि वर लोंबणारा लोखंडी पंजा. दांडी हलवून पंजा नेमका आणायचा, बटण दाबायचं आणि जे उचललं जाईल ते तुमचं. (सहसा काही उचललं जात नाही. पण मजा येते, असं लोक जाताना म्हणतात. निदान मला तरी तसंच ऐकू येतं.)

या धंद्याकडे लोक नाक मुरडूनच बघतात. माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांचाच विद्यार्थी, भूमितीत दोनदा गचकलेला, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी त्यांना 'सर'च म्हणतो. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच राहतात. जावई काय करतात, असं कोणी विचारलं की सर म्हणतात, "यंत्रसामग्रीत आहे," आणि विषय बदलतात. दुकानात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

त्यात आमच्या बाजारातल्या दुकानदार संघटनेच्या अध्यक्षबाईंनी ठराव मांडला की हा जुगार आहे, दुकान बंद करा. बाईंचं औषधांचं दुकान आहे. त्याही सरांच्याच विद्यार्थिनी, पण पहिल्या नंबरच्या. शनिवारी चार वाजता सगळे पदाधिकारी माझ्या दुकानात येणार, पाहणी करणार आणि तिथल्या तिथे निर्णय देणार, असं ठरलं.

"लोक म्हणतात, पंजा तुम्ही मुद्दाम सैल ठेवता," बाई म्हणाल्या.

"उद्या पकड घट्ट करतो, पेटीला कुलूप घालतो आणि किल्ली तुमच्या हवाली करतो," मी छाती काढून म्हणालो. "शनिवारपर्यंत ठेवा तुमच्याकडे. मग तर झालं?"

बाई चकित झाल्या. मीही झालो. इतकं धडाडीचं वाक्य माझ्या तोंडून यापूर्वी निघालेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पेटी भरगच्च दिसावी म्हणून मी घरातली जुनी खेळणी गोळा केली. लेक आता कॉलेजात जाते, तिला त्यांचं काय! सरांच्या खोलीतल्या कपाटात, चादरींच्या मागे एक करडा हत्ती सापडला. कान एकच, सोंड वाकडी. अडगळ समजून तोही पिशवीत कोंबला. मग दुकानात जाऊन पेटीत अर्धा शिरलो, मान उलटी करून पकडीचा स्क्रू करकचून फिरवला, कुलूप घातलं आणि किल्ली बाईंना दिली. त्यांनी ती लिफाफ्यात घातली, लिफाफा चिकटवला, वर सही केली आणि पर्समध्ये टाकला.

शुक्रवारी दिवसभर कोणालाही काहीही मिळालं नाही. पंजा खाली यायचा, सशाच्या पाठीवरून मायेने हात फिरवायचा आणि रिकामाच वर जायचा. लोकांनाच खेळता येत नाही, असा मी निष्कर्ष काढला. (चाचणी? चाचणी घ्यायला माझा स्वतःवर अविश्वास थोडाच होता!)

घरी वेगळंच चाललं होतं. सर जेवले नाहीत. डोळे तारवटलेले. मी खोलीत डोकावलो तर ते पलंगाखाली वाकून बघत होते.

"सर, काही हरवलंय का?"

"पेन."

"मी शोधू?"

"नको. तू काही शोधू नकोस."

शनिवारी सकाळी बायकोने विचारलं, "अहो, बाबांच्या कपाटातला हत्ती कुठे दिसला का तुम्हाला?"

"तो होय! टाकला की पेटीत. एका कानाचा होता, पण ढिगात खपून जातो."

बायको मटकन खुर्चीत बसली. ती ओरडली नाही, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं होतं.

"आईने शिवलाय तो," ती म्हणाली. "शेवटच्या आजारपणात. दुसरा कान शिवायचा राहिला. बाबा तो जवळ घेऊन झोपतात. त्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही त्यांच्या. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही."

ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने सबंध शाळा चिडीचूप व्हायची, तो माणूस हत्ती घेऊन झोपतो! आणि तो हत्ती मी, त्यांच्या जावयाने, जनतेपुढे बक्षीस म्हणून मांडला! मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"बाईंकडून किल्ली मागा," बायको म्हणाली.

"आज? पाहणीच्या दिवशी? दुकान गेलंच म्हणून समज. आणि कशाला हवी म्हणून सांगू? सरांच्या हत्तीसाठी?"

"मग जिंका तो. तुमचीच पेटी आहे ना? पकड घट्ट केलीय ना?"

मी जिंकायला गेलो. दुपारी पावणेचारपर्यंत खेळलो. गल्ल्यातली सगळी नाणी माझ्याच पेटीच्या पोटात गेली आणि त्या पोटाची किल्लीही बाईंकडेच! हत्ती कोपऱ्यातून माझ्याकडे एका कानाने बघत राहिला. शेवटी शेजारच्या बेकरीत सुटे आणायला गेलो. तिथे रांग होती. परत आलो आणि दारातच थबकलो.

पेटीपुढे सर उभे होते. हातातला माझा डबा त्यांनी खाली ठेवला होता (बायको डबा त्यांच्या हाती कधी पाठवत नाही, आजच का पाठवला, हे मी तिला अजून विचारलेलं नाही), नाक काचेला टेकलं होतं आणि खिशातून एकेक नाणं काढून ते आत सारत होते. मी हाक मारणार, एवढ्यात माझ्या पाठीमागे कोणीतरी "अरे देवा!" म्हणालं. अध्यक्षबाई, मागे चार पदाधिकारी, आणि सगळ्यांच्या मागे धापा टाकत माझी बायको. चार वाजले होते.

"सर?" बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही... इथे?"

मी घाईघाईने मध्ये पडलो. "सर तपासणी करताहेत! मीच बोलावलं! यंत्रसामग्रीची... भूमितीच्या दृष्टीने..."

"खोटं बोलू नकोस," सर म्हणाले. ते वळले. चेहरा पांढराफटक पडला होता. "तो हत्ती माझा आहे. माझ्या बायकोने शिवलाय. मला तो परत हवा आहे."

उंदरांचं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडलं.

मग बाई पुढे झाल्या. आता त्या ठराव वाचणार, असं मला वाटलं. त्यांनी पर्स उघडली, आतून नाणं काढलं आणि पदर खोचून म्हणाल्या, "सरा बाजूला, सर."

पंजा खाली गेला, हत्तीच्या पाठीवरून हात फिरवून वर आला. बाईंनी दुसरं नाणं टाकलं. चपलांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "बाई, डावीकडे घ्या, डावीकडे!" चष्मेवाले म्हणाले, "तुम्ही हटा, अंतर मला कळतं." खजिनदार सुटे आणायला बेकरीत धावले. दहाच मिनिटांत जुगाराविरुद्धची संपूर्ण समिती रांग लावून, एकमेकांना ढकलत, माझ्या यंत्रात नाणी ओतत होती.

"बाई," बायको हळूच म्हणाली, "किल्ली तुमच्या पर्समध्येच आहे ना?"

"थांब गं!" बाई खेकसल्या. "एकदाच! आत्ता सोंड हलली!"

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्या लालेलाल झाल्या, लिफाफा फोडला, पेटी उघडली आणि हत्ती दोन्ही हातांनी सरांच्या हातात दिला. सरांनी तो सगळ्यांदेखत छातीशी धरला. बायकोने डोळे पुसले. मीही पुसले, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

सरांनी मग उघड्या पेटीत मान घातली आणि स्क्रूकडे बघितलं.

"हा कोणी फिरवला?"

"मी, सर. घट्ट केला."

"उलटा फिरवलायस. पार सैल करून ठेवलायस." सरांनी सुस्कारा सोडला. "नववीत होतास तिथेच आहेस."

संघटनेचा निर्णय एकमताने झाला. हा जुगार नव्हे, असं बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. जुगारात माणूस कधीतरी जिंकतो, इथे तशी सोय दिसत नाही. दुकान चालू राहावं, अट एकच: मालकाने यंत्राला हात लावू नये.

आता सर रोज दुकानात येतात. जावई काय करतात, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "माझ्या हाताखाली असतो." किल्ली त्यांच्याकडेच असते. मला ती हवी असली तर लेखी अर्ज करावा लागतो. आतापर्यंत तीन केले. तिन्ही तांबड्या शाईने दुरुस्त होऊन परत आले आणि तिसऱ्याखाली शेरा होता: पालकांना घेऊन ये. बायको उद्या येतेय.