अण्णांचा आणखी एक आकडा

एकदा उत्तर मिळाल्यावर तेच गणित पुन्हा सोडवत बसणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी रोज बघते. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारीच बसतात. निपाणीचे अण्णा, निवृत्तीला वर्ष उरलेले.

संध्याकाळी आम्हाला घरी सोडणाऱ्या गाड्यांची यादी अण्णा काढतात. म्हणजे काढतो सॉल्व्हर; सगळ्यांत कमी किलोमीटरचा रस्ता शोधणारं सॉफ्टवेअर. दोन मिनिटांत उत्तर येतं. त्यावर अण्णा नकारार्थी मान हलवतात, सेटिंग उघडतात आणि सीड बदलतात. सीड म्हणजे शोध कुठून सुरू करायचा ते ठरवणारा आकडा. सात झाला, एक्केचाळीस झाला, स्कूटरचा नंबर झाला, तरी यांचं समाधान नाही. किलोमीटर दरवेळी तेवढेच! वर कुठला आकडा 'लागला' याची वहीत नोंद.

"अण्णा, सातला पाळणाघर बंद होतं. इरा वाट बघत असते हो!"

"स्वल्प थांब की अक्का. अजून एक आकडा घालून बघू."

साठीला टेकलेला माणूस मला अक्का म्हणतो, आणि मी थांबायचं! माझा नुसता तिळपापड व्हायचा. साहेबांकडे तक्रारसुद्धा केली.

गेल्या सोमवारी अण्णा पुतण्याच्या लग्नाला गावी गेले. सीडला हात न लावता मी यादी काढली, पाचाच्या आत वाटली आणि ऑफिसभर मिरवले. गाडी लवकर सुटली, ती थेट जयनगरला. तिथल्या सगळ्यांना सोडत सोडत बनशंकरीला मी शेवटी. सव्वासात वाजले होते. इरा बूट घालून पायरीवर एकटी बसली होती, दप्तर मांडीवर.

अण्णा परतल्यावर त्यांना गाठलं.

"गाडी गोल फिरून येते की," ते म्हणाले. "इकडून फिरव नाहीतर तिकडून, किलोमीटर सारखेच. बनशंकरी आधी येईपर्यंत आकडा बदलायचा."

"मग यादी हातानंच फिरवा ना!"

"हातानं फिरवली की भांडणं. मशीननं सांगितलं तर कोण बोलत नाही."

"आणि तुम्ही? जयनगरला रोज शेवटी उतरता."

"माझ्या दाराला कुलूप असतंय, अक्का. कुलूप काय वाट बघतंय होय?"

संतापच आला मला. वर्षभर माझी बोलणी खाल्ली, एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? डोळे भरून आले, म्हणून आणखी चिडले.

पाच वाजून गेले. यादी कुठे म्हणून ड्रायव्हरचा फोन आला. अण्णा नवा आकडा घालत होते.

"स्वल्प थांबा," मी ड्रायव्हरला म्हणाले.