कृष्णाबाईचा मुक्काम आणि मागची भिंत

पूर ओसरून आठवडा झाला तरी आमच्या घरातलं पाणी निघालं नव्हतं, कारण सर्व्हेअर येईपर्यंत जागेवरचं काहीही हलवू नका असं विमा कंपनीनं कळवलं होतं, आणि ते मी पाण्याला सांगितलं होतं.

पाण्यानं ऐकलं. कवठेघाटातल्या बाकीच्या घरांतलं पाणी केव्हाच नदीत परतलं होतं, रस्ते धुऊन झाले होते, वाण्यानं भिजलेला गूळ अर्ध्या किमतीला काढला होता. आमचं पुढचं दार सताड उघडं होतं, अंगणात शेजाऱ्यांच्या कोंबड्या हिंडत होत्या, आणि उंबऱ्याच्या आत गुडघाभर पाणी सरळ रेषेत उभं होतं. एक थेंब बाहेर नाही. नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. लेखी सूचनासुद्धा इतक्या निष्ठेनं पाळणारं कुणी मला तिथं भेटलं नाही, आणि ही तर तोंडी होती.

आम्ही दोघं शेजारच्या बाळगोंडा पाटलांकडे झोपायला जात होतो. सकाळी माझी पत्नी इंदुमती घरी येऊन ओट्यावर चहा करी. मी खुर्चीवर पाय वर घेऊन वर्तमानपत्र वाची. पाण्याचा त्रास असा नव्हता. फक्त मागची भिंत पडली होती, त्यामुळे वारा फार यायचा.

त्या भिंतीवरच सगळं अडलं होतं. आमचा मुलगा हेमंत पुण्याला असतो. त्याचा रोज फोन यायचा.

"अण्णा, आता बास. भिंत बांधायला पैसे कुठून आणणार? घर विका आणि इकडे या. अकराव्या मजल्यावर पूर येत नाही."

"पाणी तरी येतं का?" मी विचारलं.

"टँकरनं येतं."

शेवटी असं ठरलं की कंपनीनं भिंत मंजूर केली तर आम्ही इथंच राहायचं, नाही तर पुणे. इंदुमतीनं हे ऐकलं आणि त्या दिवशी तिनं चहात साखर घातली नाही. हे पुण्याबद्दलचं मत आहे हे मला कळलं.

मग मी पॉलिसी वाचायला घेतली. घेतली तेव्हा वाचली नव्हती. वाचायची वेळ येऊ नये, म्हणूनच तर माणूस पॉलिसी घेतो.

सर्व्हेअर शिरगुप्पे दुसऱ्या दिवशी आले. बारीक अंगाचे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी दारात चपला काढल्या, पँट दुमडली, "येऊ का?" असं पाण्याला विचारलं आणि आत येऊन माझ्यासमोर बसले.

"आधी काय मिळतं आणि काय नाही ते सांगतो," ते म्हणाले, "म्हणजे मागून तोंड कडू व्हायला नको. इमारत आहे. घरातलं सामान आहे. रोकड नाही, दागिने नाहीत. स्कूटरला तिची स्वतःची पॉलिसी लागते. तुळशीवृंदावन नाही, ते इमारतीला चिकटलेलं नाही. खाण्याच्या वस्तू नाहीत, त्या नाशवंत."

"लोणचं पण?" इंदुमतीनं विचारलं.

"लोणचं पण."

"चार वर्षं मुरलेलं लोणचं नाशवंत? तुमच्या कंपनीत कुणी जेवतं की नाही?"

शिरगुप्प्यांनी हे टिपून घेतलं नाही. "आता मुख्य गोष्ट. नदीचा पूर असेल तर भरपाई आहे. गटार तुंबून आलेलं पाणी असेल तर नाही. जमिनीतून वर झिरपलेली ओल असेल तरी नाही. तेव्हा पाणी कुठलं, ते आधी ठरवायला हवं." ते खाली वाकले. "आपण कुठून आलात?"

"नदीतून," पाणी म्हणालं. आवाज किंचित घोगरा होता. इतके दिवस एका जागी उभं राहिल्यावर होणारच.

"थेट?"

"घाट चढून, मारुतीच्या देवळावरून, पुढच्या दारानं. मागच्या मोरीतून दुसरं कुणीतरी आलं होतं, पण त्याची माझी ओळख नाही."

"ते गटाराचं," मी खुलासा केला. "ते थांबलं नाही. त्याला मी सांगितलं होतं, पण त्याला शिस्त नाही."

"म्हणजे न्हाणीघरातली फरशी वगळायची," शिरगुप्पे म्हणाले. "आणि भिंत?"

"भिंत माझ्याकडून पडली," पाणी म्हणालं. "आत आले, दमले होते, जरा टेकले. एवढ्यात पडेल असं वाटलं नव्हतं."

शिरगुप्प्यांचा चेहरा उजळला. इतका सरळ कबुलीजबाब त्यांना माणसांकडून कधी मिळाला नसावा. पुराच्या पाण्याची भिंतीला बाहेरून नाही तर आतून धडक, तीही कबूल. आमचं काम झालं असं मला वाटलं. त्याच वेळी बाळगोंडा पाटील किटली घेऊन आले.

"घ्या साहेब, च्या घ्या," ते म्हणाले. "आणि लिवा तुमच्या कागदात, आमच्या वैनींनी काय मानानं घेतली कृष्णाबाईला! पंचमीचा दिवस. पानी उंबऱ्याला लागलं, आन् समदी माणसं माळ्यावर पळाली. ह्या एकट्या खाली. हळदकुंकू वाहिलं, खण-नारळानं ओटी भरली, आन् काय म्हनल्या सांगू? 'बाई, माहेराला आलीस, चार दिवस सुखानं राहा.' माझ्या डोळ्यांत पानी आलं बघा."

"ते माझ्यातलं नाही," पाणी घाईनं म्हणालं.

शिरगुप्पे लिहायचे थांबले होते.

"वहिनी, हे खरं?"

"खरं म्हणजे काय? नदी दारात आल्यावर ओटी भरतात. माझ्या सासूबाईंनी भरली, त्यांच्या सासूनं भरली."

"त्यांच्या वेळी पॉलिसी नव्हती," शिरगुप्पे खेदानं म्हणाले. "आता बघा. पूर आला तर ती आपत्ती. पण तुम्ही ओटी भरलीत, माहेरवाशीण म्हणून घरात घेतलंत. म्हणजे ही घरची मुलगी झाली. आणि घरात राहणाऱ्या कुटुंबीयानं केलेलं नुकसान आम्ही देत नाही. लेकीनं भिंत पाडली तर तो तुमच्या घरातला प्रश्न."

 बाळगोंडांनी किटली उचलली आणि परत ठेवली. "मी काय वाईट बोललो का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"ओटी परत घेतली तर?" मी सुचवलं. नोंद रद्द करण्याचा माझा अनुभव मोठा होता.

"दिलेली ओटी परत मागायची?" इंदुमती म्हणाली. "पुण्याला जाईन, पण तसलं काही करणार नाही."

पाणी संकोचून टेबलाखाली सरकलं, त्यामुळे तिथं ते मांडीपर्यंत चढलं आणि दारापाशी घोट्यावर आलं.

शिरगुप्पे वाईट मनुष्य नव्हते. त्यांनी पान उलटलं. "इथं 'घरात राहणाऱ्या' असं लिहिलंय. लग्न झालेली मुलगी घरात राहते असं म्हणता येत नाही. ती पाहुणी." ते पुन्हा वाकले. "तुमचं सासर कुठं?"

"बंगालच्या उपसागरात."

"तिथं तुमचं नाव लागलंय?"

"तिथं गेल्यावर माझं नाव राहत नाही."

"कुणाचं राहतं?" इंदुमती म्हणाली.

शिरगुप्प्यांनी 'विवाहित, नाव बदलले' असं लिहिलं आणि कागद मुख्य कचेरीत पाठवले.

मुख्य कचेरीनं दोन आठवडे घेतले. पाणी तोवर थांबलंच होतं, कारण हलायला हरकत नाही असं कुणी कळवलं नव्हतं. सकाळी इंदुमती ओट्यावर बसून पाय पाण्यात सोडी आणि दोघींचं बोलणं चाले. वरच्या गावांत कुणाकडे काय झालं, कुठल्या धरणावरचा साहेब फार उशिरा उठतो, असल्या बातम्या वर्तमानपत्रापेक्षा आमच्याकडे आधी येऊ लागल्या. इंदुमतीच्या गुडघेदुखीला उतार पडला. पाणीही पुष्कळ निवळलं होतं. तळाची फरशी स्पष्ट दिसायची.

मग शिरगुप्पे आले आणि त्यांनी फोन लावून मध्ये ठेवला. पलीकडे मुख्य कचेरीतल्या नाईकवडी मॅडम होत्या.

"पंधरवड्यापेक्षा जास्त राहिलेली व्यक्ती आमच्या हिशेबी रहिवासी," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाई तर कधीच्या राहतायत."

"तुम्हीच थांबवलंत ना त्यांना!" मी म्हणालो.

"का राहिल्या हा रकाना आमच्याकडे नाही. किती राहिल्या एवढाच आहे."

हे मला पटलं. मीही कित्येकांना असंच सांगितलं होतं.

इंदुमतीनं फोन स्वतःकडे ओढला. "मॅडम, तुमचं माहेर कुठलं?"

"माझं? मिरजेचं. का?"

"पंचमीला माहेरी गेलेली मुलगी गौरी उठायच्या आधी परत येते का तुमच्याकडे?"

 पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"नाही येत," मॅडम म्हणाल्या. "माझी वहिनीसुद्धा येऊ देत नाही. निदान तोंडावर तरी तसं म्हणते. बरं, मी तसा शेरा मारते. पंचमीला आलेली मुलगी गौरी उठेपर्यंत पाहुणीच. पण त्याच दिवशी तिची पाठवणी झाली पाहिजे, शिरगुप्प्यांच्या डोळ्यांदेखत. राहिली तर रहिवासी, आणि मग भिंत विसरा."

गौरी दोन दिवसांवर उठणार होत्या. बातमी चांगली होती.  पण सकाळी इंदुमतीनं पाय सोडले तेव्हा पाणी म्हणालं, "मी नाही जात."

"का गं?"

"इथं मला कुणीतरी विचारतं. एकदा पुढं गेले की नुसतं वाहायचं. आणि तिथं पोचल्यावर तर मी कुठली, हेही कुणाला कळत नाही."

इंदुमती पुष्कळ वेळ पाय हलवत बसली. तिलाही पाठवायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी वर्तमानपत्राचं तेच पान पुन्हा वाचलं.

"हे बघ बाई," ती म्हणाली. "तू गेली नाहीस तर भिंत होणार नाही. भिंत झाली नाही तर हे घर विकलं जाईल, आणि मला अकराव्या मजल्यावर नेऊन ठेवतील. मग पुढच्या वर्षी तू कुणाच्या दारात येशील? लिफ्टनं येशील?"

पाण्यावर बारीक तरंग उठले. हसल्याचे असावेत.

गौरी उठल्या त्या दिवशी गल्लीतल्या बायका आमच्या अंगणात जमल्या. इंदुमतीनं पुन्हा ओटी भरली, दही दिलं, भाकरी-चटणीची शिदोरी फडक्यात बांधून पाण्यावर ठेवली. "सावकाश जा," ती म्हणाली. "धरणाशी भांडू नकोस." पाण्यानं उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं, कोंबड्यांना वळसा घातला आणि रस्त्यानं घाटाकडे निघालं. शिदोरीचं गाठोडं मध्ये तरंगत होतं. मारुतीच्या देवळाशी पाणी एकदा थांबून मागं वळलं. बाळगोंडांनी रुमाल काढला. शिरगुप्प्यांनी घड्याळ पाहून 'पाहुणी परत गेली' असं लिहिलं आणि आपलाही रुमाल शोधला.

भिंत मंजूर झाली. होती तशी, तेवढीच. पॉलिसीत पडलेलं परत मिळतं, त्यात सुधारणा मिळत नाही, असं शिरगुप्प्यांनी बजावलं होतं. इंदुमतीनं गवंड्याला मधोमध दार ठेवायला सांगितलं, नदीच्या बाजूला, उंबरा अगदी बुटका. भिंतीत आधी दार नव्हतं, त्यामुळे ते पॉलिसीत बसलं नाही. दाराचा खर्च आम्ही केला.

दिवाळीला हेमंत आला. घरभर फिरून त्यानं भिंतीवर हात फिरवला. पुण्याचा विषय काढला नाही.

"पण आई, इकडं दार कशाला काढलंत? इथून तर सरळ नदी."

"कृष्णाबाई दमून येते आणि भिंतीला टेकते," इंदुमती म्हणाली. "दार असलं म्हणजे टेकायला नको."

हेमंतनं दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं.

"मग रात्री आतून कडी लावत जाऊ नका," तो म्हणाला, आणि आंघोळीचं पाणी तापलं का ते बघायला गेला.