भोंग्याची खुर्ची

दाखल्यांच्या कार्यालयात नंबर पुकारायचं काम भोंग्याकडे होतं. त्याचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. खिडकीशेजारी उभं राहून ओरडून ओरडून घशाची पार वाट लागली होती आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, ओरडणं थांबवा, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

तेवढ्यात संगणकाच्या टेबलामागची खुर्ची रिकामी झाली. "नंबर यंत्रानेच पुकारले पाहिजेत. एवढं करून दाखवा, खुर्ची तुमची," साहेब म्हणाले. भोंगा हरखला. पदरमोड करून तो संगणकाच्या वर्गात जाऊन बसला आणि आकड्याचा शब्द करणारा प्रोग्रॅम लिहायला शिकला.

आता मराठी आकडे म्हणजे एकेक अवलाद. नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येकाचं नाव वेगळं. भोंगा एका बोटाने सगळी यादी टाइप करत होता आणि बायको भाजी चिरता चिरता सांगत होती.

"शून्य घातलंत का?"

"शून्य नंबर घेऊन कोण येणार आहे? तुझा भाऊ?"

पडद्यावर शब्द उमटू लागले तसा त्याचा ऊर भरून आला. कुठल्या आकड्याला कुठला शब्द येतोय, हे बघायचं भान कोणाला होतं!

पहिल्या दिवशी खिडकीवरच्या दिव्यांच्या पाटीवर एकचा आकडा झळकला आणि यंत्र खणखणीत आवाजात म्हणालं, "दोन." पाटी बघून एक आजोबा उठले, आवाज ऐकून एक बाई उठल्या.

"पहिला नंबर माझा आहे."

"असेल. पण बोलावलंय मला. ऐकू येत नाही का?"

"तुम्हाला दिसत नाही का? वर बघा."

दुपारपर्यंत कार्यालयात सरळ दोन पक्ष पडले, बघणाऱ्यांचा आणि ऐकणाऱ्यांचा. खिडकीतला कारकून पाटीप्रमाणे कागद काढायचा आणि समोर येईल त्याच्या हातात कोंबायचा. एक गृहस्थ तर दुसऱ्याच्याच मुलाचा जन्मदाखला घेऊन घरी गेले. पुढे त्यांच्या घरी काय झालं, ते न बोललेलं बरं. पाटीवर नव्व्याण्णव आलं तेव्हा तर यंत्राची दातखीळच बसली, कारण यादीत त्याच्यासाठी शब्दच उरला नव्हता.

भोंग्याच्या पायाखालची जमीन सरकली. मग एकदम वर्गातलं आठवलं, यंत्र यादीतल्या जागा मोजताना शून्यापासून सुरुवात करतं. त्या शून्याच्या जागी त्याने 'एक' बसवला होता, म्हणून सगळेच एक घर पुढे सरकले होते. त्याने यादीच्या डोक्यावर शून्य ठेवलं. यंत्र सुतासारखं सरळ झालं.

साहेबांनी त्याला आत बोलावलं. खुर्चीवर त्यांचा भाचा बसला होता.

"हा शिकलेला आहे. बटण हा दाबेल," साहेब म्हणाले.

"पण साहेब, दुरुस्ती मी केली."

"केलीत ना. चूकही तुम्हीच केली होतीत. आता लोकांचा यंत्रावर विश्वास राहिलेला नाही. तेव्हा यंत्र बोललं की मागोमाग तुम्ही ओरडा. म्हणजे खात्री पटेल."

भोंग्याला संताप आला, रडूही आलं. दोन्ही गिळून तो खिडकीशेजारी जाऊन उभा राहिला.

भाच्याने बटण दाबलं. "सत्तावीस," यंत्र म्हणालं.

"सत्तावीस," भोंगा फाटक्या आवाजात ओरडला.

"कळलं हो," रांगेतून कोणीतरी वैतागलं. "यंत्र बोललंय ना? तुम्ही कशाला मध्ये कोकलताय?"