धाकू तांडेलाचें बोलणें पुरें ऐकिल्याची हकीकत

श्री. सुपाएवढे कान राखून सोंडेआड मुख झांकणाऱ्या गजाननास नमन असो. शके सोळाशें एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीस कोणे एके राज्यांत ऐसें वर्तमान जालें कीं, खाडीपलीकडील किल्ल्यांत दाणा सरला, आंत चारशें माणूस उपाशी, मृगास थोडेच दिवस उरले, आणि धाकू तांडेलानें आपल्या चौदा नावा वाळूवर ओढून ठेविल्या कीं, सरकारचें धान्य नेणार नाहीं. मग दरबारांतून एक कारभारी गेले. धाकू म्हणाला, "महाराज, दुपारीं..." तों कारभारी वदले, "समजलें! दुपारचें जेवण!" आणि पंक्ती घातल्या. मंडळी जेवली, नाव हलेना. मग दुसरे गेले. "दुपारीं..." "समजलें! ऊन लागतें!" आणि पागोटीं वांटिलीं. मंडळी पागोटीं बांधून वाळूवरच बसली. काय म्हणावें या शहाणपणास!

मग गिरमाजीपंतांस आज्ञा जाली. पंत हुशार, परंतु दुसऱ्याचें वाक्य आपणच पुरें करण्याची त्यांसही भारी खोड, घरीं बाईसाहेब म्हणत, "तुमच्यापेक्षां भिंत बरी, मधें बोलत नाहीं." पंतांनीं निश्चय केला कीं, जिभेनें दोघे बुडाले, आपण कानानें तरावें, आणि अख्खी सुपारी दाढेखालीं धरून धाकूसमोर बसले. धाकू म्हणाला, "दुपारीं..." आणि थांबला, कीं आतां हे बोलतील. पंतांची जीभ वळवळली, कपाळीं घाम सुटला, परंतु दाढ उघडिली नाहीं. मग धाकूनें चिलीम भरली, ओढिली, झाडिली, आणि म्हणाला, "दुपारीं पश्चिमेचा वारा सुटतो, जी, आणि मधल्या खडकापाशीं भरली नाव फिरते. जोशीबुवा नेमका दुपारचा मुहूर्त काढितात. गेल्या सालीं त्याच मुहूर्तावर माझा भाऊ गेला. सरकारांत आम्ही अर्धेंच बोलतों. उरलेलें सरकारच बोलतें."

पंतांस भडभडून आलें. सुपारी थुंकून पुसिलें, "भावाचें नांव काय?" "चांगो." "मग नावा केव्हां सोडाव्या, किती भराव्या, तें तूं सांग." धाकू म्हणाला, "पहांटे, निम्म्या भरून. आणि पहिल्या नावेंत पंत बसावे." पंतांस पोहतां येत नव्हतें, तरी हो म्हणाले. दरबारीं जोशीबुवा कडाडले, "मुहूर्त मोडिला तर जबाब कोण देणार?" पंत म्हणाले, "मी. आणि मी नावेंतच आहें." मग पहांटे चौदा नावा सुटल्या, आणि खडकापाशीं धाकूनें वल्हें थांबवून म्हटलें, "हांक मारा, पंत." पंत उभे राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "चांगो!" आणि चौदाही नावांवरून तीच हांक उठली, आणि धाकू मान खालीं घालून लेंकरासारखा रडला, आणि मग वल्हें मारिलें.

येणेंप्रमाणें धान्य पोंचलें, चारशें माणूस वांचलें. पुढें अकरा वर्षें पंत आणि धाकू यांजमध्यें करारमदार लागला नाहीं. पंतांनीं निरोप धाडावा, धाकूनें नाव सोडावी; आणि धाकू नाहीं म्हणाला तर पंतांनीं दरबाराशीं भांडावें. ऐकिलें तितकें लिहिलें, पदरचें घातलें नाहीं.