सावंत आणि बंद दार

बंद दारापुढे तुम्ही काय करता? मी धक्के मारते. मोर्च्यांची पत्रकं वाचत वाढलेल्या माणसाला दार म्हणजे अन्यायच वाटतो. आमच्या परळच्या कचेरीतले सावंत मात्र बंद दाराला नमस्कार करतात. खरोखर हात जोडून, स्क्रीनसमोर.

आमचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे माहिती मागतो आणि तो सर्व्हर अधूनमधून ‘४०१’ म्हणून हाकलतो. म्हणजे, तू कोण ते पटलं नाही. त्या दिवशी मी तीच विनंती वीसदा धाडली. सावंत चहाचा कप घेऊन मागे उभे.

“मोर्चा काढलायस काय? तो घाबरत नाही गो. त्याला ओळख हवी.”

“दिलीय. एपीआय की बरोबर आहे.”

“तुझ्या मते. त्याच्या बाजूने बघ.”

मग ते विनंतीची एकेक ओळ मोठ्याने वाचतात, लग्नपत्रिकेतली नावं तपासावीत तशी. कधी कीच्या, म्हणजे आमच्या परवलीच्या शब्दाच्या, शेवटी चिकटलेली रिकामी जागा सापडते, कधी टोकनची, म्हणजे तात्पुरत्या पासाची, मुदत संपलेली असते. एकदा तर आमच्याच मशीनचं घड्याळ मागे होतं. निष्कर्ष ठरलेला: “तो बरोबर होता. आपणच चुकीचं सांगत होतो.” मला हे तत्त्वतः अमान्य होतं. दाराची बाजू घेणारा माणूस!

परवा त्यांचा चार्जर कचेरीत राहिला, म्हणून तो द्यायला चिंचपोकळीला त्यांच्या चाळीत गेले. सावंत स्वतःच्याच दाराबाहेर उभे. दिवसभर सोबत बसणारी शेजारीण गेली, की त्यांची म्हातारी आई आतून कडी घालते.

“कोण?” आतून आवाज.

“आये, मी संजय.”

“संजय शाळेत गेलो हा.”

मी दार ठोठावायला हात उचलला. सावंतांनी तो धरला. टक्कल पडलेला पन्नाशीचा माणूस दाराच्या फटीशी वाकला. मग हलकेच म्हणाला, “आये, शाळा सुटली.”

कडी निघाली. आईने त्यांच्या टकलावरून हात फिरवला. “किती घाम इलो रे. दप्तर दी हकडे.”

सावंतांनी लॅपटॉपची बॅग तिच्या हातात दिली.

“उद्या हेच चालेल?” मी विचारलं.

“याचीही मुदत असते गो. उद्या नवीन शोधायचं.”

तुमच्या घरात कोणी ‘तू कोण?’ असं पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर आज आवाज चढवू नका. त्यांना पटेल अशी ओळख द्या. आणि मागितली, तर हातातली बॅगही.