खरेदी तक्ता क्रमांक ४७

वस्तूकडून काम करून घेणं बंद झालं की तिचा मान वाढतो. पितळी बंब न्हाणीतून दिवाणखान्यात येतो, जातं अंगणात कुंडी होऊन बसतं, आणि जिनं एकेकाळी माणसं मारली ती बंदूक काचेच्या कपाटात मखमलीवर झोपते. याबद्दल कुणाची तक्रार नाही. अडचण एवढीच, की जुन्या वस्तू मोजक्या आणि हौस अमाप. म्हणून काही परोपकारी कारखानदारांनी जुन्या बंदुका नव्यानं बनवायला घेतल्या.

बहारीनमधल्या एका देखभाल कंपनीचे जनरल मॅनेजर व्हिटलॉक साहेब यांना अशी एक बंदूक हवी होती. दुसऱ्या महायुद्धातली स्टेन, पाण्याच्या पाइपाला दस्ता जोडल्यासारखी दिसणारी. (महायुद्ध संपलं तेव्हा साहेब अकरा महिन्यांचे होते, त्यामुळे त्यांची संधी थोडक्यात हुकली.) पंच्याण्णवच्या जूनमध्ये ते निवृत्त होऊन अमेरिकेतल्या घरी परतणार होते. तिथल्या शेकोटीवरची भिंत रिकामी होती आणि ते साहेबांना बघवत नव्हतं. बंदूक थेट तिकडेच पोचवायची होती. बहारीनमध्ये यायचे होते ते फक्त कागद. आणि कागद म्हटले की कंपनीच्या मनामातल्या ऑफिसात एकच नाव होतं, खरेदी विभागाचे केशवराव गजभिये.

केशवराव मूळचे उमरेडकडचे. पंधरा वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. नंतर नऊ वर्षं बहारीनमध्ये एसीचे कॉम्प्रेसर आणि नळाच्या तोट्या खरेदी करणारे. बुसैतीनच्या कंपनी क्वार्टरमध्ये त्यांच्या उशाशी एक कॅलेंडर होतं. त्यावर बुद्धपौर्णिमेला लाल पेनानं तीनदा गोल केला होता. त्या दिवशी त्यांची मुलगी मैत्री हिचं लग्न होतं. दोन वर्षांत ते घरी गेले नव्हते. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता, आणि तो हरवू नये म्हणून साहेबांनी बंदुकीच्या फायलीखाली दाबून ठेवला होता. आधी वरची फाइल खलास, मग खालची, असं त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं.

कंपनीचा नियम असा, की पन्नास दिनारांवरची वस्तू तीन कोटेशनांशिवाय घ्यायची नाही. वस्तू साहेबांची, पैसा साहेबांचा, पण सवय कंपनीची. केशवरावांनी कॅटलॉग मागवले आणि तक्ता आखला.

तक्त्यावरून असं दिसलं, की मूळ बंदूक घोडा दाबला की धडाधड गोळ्या सोडायची. नवी एका वेळी एकच सोडते, कारण तिकडचा कायदा. मूळ नळी वीतभर होती. नवी हातभर, कारण पुन्हा कायदा. पण हातभर नळीनं ती जुन्यासारखी दिसत नाही, म्हणून भिंतीवर टांगताना लावायला एक आखूड खोटी नळी मिळते (तिचे पैसे वेगळे). शिवाय ‘जुनाट रूप’ या नावाखाली नव्या बंदुकीवर ओरखडे मारून मिळतात. पहिला कारखाना बारा ओरखडे देत होता, दुसरा वीस, तिसरा गिऱ्हाईक सांगेल तितके. फौजेत एका ओरखड्यापायी सुभेदारसाहेब पाठीवर सामानाचा पिट्टू चढवून मैदानाला दहा चकरा मारायला लावत. केशवरावांनी हिशेब केला, तिसऱ्या कारखान्याच्या मालकाला मरेपर्यंत धावावं लागलं असतं. ‘स्थानिक सर्व्हिस सेंटर’ या रकान्यात त्यांनी तिन्ही ठिकाणी मफी, म्हणजे तिथल्या अरबीत ‘नाही’, असं लिहिलं.

एक रकाना अडला. ‘अंतिम वापरकर्ता’. तोटी असली की तिथे ‘तिसरा मजला, पँट्री’ असं लिहून मोकळं होता येतं. साहेबांना विचारलं तर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, तूर्त कोरा ठेव. भिंतीवरच्या बंदुकीचा वापर नेमका कोण करतं, हे त्यांनाही सांगता येईना.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो भरणं केशवरावांचं कर्तव्य होतं आणि कर्तव्याच्या बाबतीत हा माणूस भलताच आडमुठा. त्यांनी लिहिलं, ‘मूळ बंदूक वरचेवर अडकत असे. सन १९७१च्या लढाईत खुद्द माझ्या हातात अडकली. ही अडकणार नाही, असं तिन्ही कारखाने लिहून देतात. सबब नक्कल हुबेहूब नाही.’

हा शेरा इंग्रजीत टाइप करायला कमालकडे आला. कमाल रत्नागिरीकडचा, ऑफिसचा टायपिस्ट. त्यानं मशिनीवरचे हात उचलले.

“केशवभाऊ, हे पाठवू खरंच? पोरीचं लग्न तोंडावर आलंय तुमच्या.”

“मालात खोट असन त लिवाच लागते न बावा.”

“खोट नाही म्हणून तर लिहिताय तुम्ही.”

केशवरावांना हे पटलं, पण तोवर शेवटची ओळ टाइप झाली होती.

शेरा वाचून साहेब खूश झाले. इतका बारकावा त्यांना नऊ वर्षांत कुणी दाखवला नव्हता. मूळ बंदूक अडकायची तितकीच अडकणारी बंदूक द्या, असा फॅक्स तिन्ही कारखान्यांना गेला. पहिल्यानं कळवलं, आमची बंदूक दहा हजार गोळ्यांत एकदाही अडकलेली नाही, माफी असावी. दुसऱ्यानं कळवलं, वर्षभर तेल देऊ नका, आपोआप अडकेल. तिसरा तयार होता. खास ऑर्डर, सहा महिने, पैसे जास्त. एकूण सतरा फॅक्स झाले. एप्रिल संपला. रजेचा अर्ज फायलीखाली तसाच, आणि केशवरावांना जेवण गोड लागेना. आपल्याच हातानं आपण पोरीच्या लग्नात बिब्बा घातला, असं त्यांना वाटू लागलं.

शेवटी ते धीर करून साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी रजेचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ती लढाईतली बंदूक अडकली होती कशी?

केशवरावांनी सांगितलं. सकाळी दाट धुकं होतं. पुढच्या चौकीवरच्या बंदुका दुरुस्त करायला ते कालव्याच्या कडेनं निघाले होते. सरकंड्याच्या उंच गवताआडून पलीकडच्या फौजेतलं एक पोरगं समोर आलं. अंतर दहा पावलं. दोघांनी एकदमच घोडा दाबला, आणि दोन्हीकडून नुसता कट् असा आवाज आला. दोघांनी आपापल्या बंदुकीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. यानंही तेल दिलेलं नाही, एवढंच तेव्हा केशवरावांच्या मनात आलं. मग दोघंही वळले आणि आल्या वाटेनं चालू लागले. त्या बंदुकांनी इमानानं काम केलं असतं तर दोन घरांत रडारड झाली असती. म्हणून त्या भिकार बंदुकीवर केशवरावांची माया होती.

साहेबांचे डोळे पाणावले. गोष्ट आहे म्हटल्यावर बंदूक अडकली काय, न अडकली काय, असं म्हणून त्यांनी वीस ओरखड्यांच्या बंदुकीवर सही केली. रजेवर सही गुरुवारी करतो, म्हणाले. त्या दिवशी अरादमधल्या त्यांच्या बंगल्यावर निरोपाची पार्टी होती.

पार्टीत टेबलावर बंदुकीचा फोटो फ्रेम करून ठेवला होता. हातात ग्लास घेऊन साहेबांनी गोष्ट सांगितली. धुकं होतं, कालवा होता. बंदूक अडकली. केशवनं आपल्या कसलेल्या हातांनी ती तीन सेकंदांत मोकळी केली, आणि पलीकडचे तिघे आडवे झाले. (दुसऱ्या ग्लासानंतर पाच.) मग साहेब वळून म्हणाले, खरं ना, केशव?

चाळीस पाहुणे वळले. कमाल हातातल्या समोश्याकडे बघत राहिला. साहेबांच्या कोटाच्या खिशातून रजेच्या अर्जाचा कोपरा बाहेर डोकावत होता. केशवरावांनी तो पाहिला.

“यस सर,” ते म्हणाले.

टाळ्या झाल्या. साहेबांनी कमालच्या पाठीवर कागद ठेवून झोकदार सही केली. केशवराव अर्ज खिशात घालून बुसैतीनला परतले. चोवीस वर्षं जिवंत असलेल्या कालव्यावरच्या त्या पोराला आज त्यांनी दोन शब्दांत मारलं होतं, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

लग्न उत्तम झालं. जेवणं उरकल्यावर नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, लढाईचं काही सांगा. सगळे खुर्च्या ओढून जवळ आले. केशवरावांनी खरं ते सांगितलं.

“मंग?” काकांनी विचारलं.

“मंग काय, दोघंबी वापस गेलो.”

मंडळी थोडा वेळ थांबली, आणखी काही येतं का म्हणून. मग काकांनी आइस्क्रीम उरलंय का ते विचारलं आणि खुर्च्या पुन्हा जागेवर गेल्या.

तक्ता क्रमांक ४७ मनामाच्या ऑफिसात फाइलबंद आहे. बाकी सगळं नियमानुसार आहे. ‘अंतिम वापरकर्ता’ हा रकाना तेवढा कोरा, आणि त्यावर ऑडिटची दर वर्षी हरकत येते. बंदुकीतून गोळी कधी सुटते याची वाट बघत वाचक इथवर आलेच आहेत, तेव्हा त्यांनी आपलं नाव त्या रकान्यात लिहावं आणि खाली सही करावी.