खांबेटेकाका आणि मधला माणूस

सदाशिव पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे खांबेटेकाका टपालपेटीत पत्र टाकत नसत. पत्र पुण्यातलं असेल तर स्कूटर काढून स्वतः नेऊन देत. पेटी म्हणजे मधला, आणि मधला माणूस हा काकांचा जन्माचा वैरी. कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी ते मार्केट यार्ड गाठत. माझ्या बायकोनं "हे उद्या भेटतो म्हणालेत" असा निरोप दिला, तर म्हणत, "त्यांना तोंड आहे ना? मग ते सांगतील."

मधला नको म्हणजे नको. फक्त त्यांच्या मुलीनं, मृदुलानं, स्वतःचं लग्न मधल्याशिवाय ठरवलं, ते मात्र काकांना पचलं नाही. बापलेकीचं बोलणं तेव्हा बंद झालं ते चार वर्षं बंदच होतं. काकू त्याच्याही आधी गेलेल्या. घरात काका एकटे.

स्वस्त विमानांचे ते नवेच दिवस होते. आम्ही आयटीतली मंडळी एकदा विमानात बसायचो आणि पुढे आठवडाभर त्याबद्दलच बोलायचो. मला कंपनीच्या कामासाठी बंगळुरूला जायचं होतं. मी ऐटीत एका वेबसाइटवरून तिकीट काढलं. हे कळताच काका चष्मा पुसत वर आले.

"बंगळुरूला निघालात म्हणे. विमान कोणाचं?"

मी विमान कंपनीचं नाव सांगितलं.

"आणि तिकीट कोणी दिलं?"

"वेबसाइटनं."

"मग ही कोण?"

"काका, जग बदललंय आता."

"बदलू दे. कागद द्या इकडे."

प्रिंटआउट खिशात घालून काका भर उन्हात स्कूटरवरून लोहगावच्या विमानतळावर गेले. दुपारी घाम पुसत परत आले.

"तुमच्या नावाचा प्रवासी त्यांच्याकडे नाही."

मी वेबसाइटला फोन लावला. अर्धा तास सनई ऐकवून ते म्हणाले, विमान कंपनीला विचारा. विमान कंपनी म्हणाली, तिकीट ज्यांनी दिलं त्यांना विचारा. विमान दुसऱ्या दिवशी सकाळी. मी कपाळाला हात लावला. काकांनी शांतपणे खिशातून दुसरा कागद काढला. खिडकीपाशी रांगेत उभं राहून त्यांनी माझं नवं तिकीट काढून आणलं होतं.

शेजारधर्म म्हणून एवढं कोण करतं? मला भरून आलं. संध्याकाळी ते पुन्हा आले, हातात कापडी पिशवी. आत डिंकाचे लाडू आणि काकूंच्या साडीतून शिवलेली झबली-टोपडी. टाके वाकडे होते.

"मृदुलाला मुलगी झाली. बंगळुरूलाच असते ती. बाळंतविडा माहेरून जायला हवा. ही असती तर हिनं केलं असतं सगळं."

"काका, मग तुम्हीच का नाही जात? मधला कशाला?"

ते बराच वेळ पिशवीचे बंद नीट करत राहिले.

"मी गेलो आणि तिनं दार उघडलं नाही तर? तुम्हाला उघडेल."

ती पिशवी मी सामानात टाकली नाही, विमानात मांडीवरच घेऊन बसलो. मृदुलानं दार उघडलं. आईची साडी तिनं लगेच ओळखली. वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत तिनं एवढंच विचारलं, "स्वतः का नाही आले?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते मी द्यायचं नव्हतं. मी मोबाइलवर काकांचा नंबर लावला, फोन तिच्या हातात दिला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो.